आर्थर कोस्लर : पक्ष सोडलेल्या लेखकाची साक्ष कशी वाचायची?

मुळाकाठ (धागालेखक)

नारायण पेठेत आमचा एक वाचनगट भरतो. मागच्या बैठकीत कोस्लरचा विषय निघाला आणि एका ज्येष्ठ सभासदांनी एका वाक्यात तो मिटवला. कम्युनिस्ट पक्ष सोडून गेलेल्या माणसाचं लेखन म्हणजे घटस्फोटित नवऱ्यानं बायकोबद्दल दिलेली जबानी, असं ते म्हणाले. मला हे अजिबात पटलेलं नाही. का, ते इथे सविस्तर लिहितो.

आर्थर कोस्लर १९०५ साली बुडापेस्टमध्ये एका ज्यू घरात जन्मला. व्हिएन्नात इंजिनिअरिंग शिकता शिकता पदवीच्या तोंडावर ते सोडलं आणि १९२६ साली पॅलेस्टाइनला गेला. पुढे बर्लिनच्या उल्श्टाइन वृत्तसमूहात बडा पत्रकार झाला. १९३१ साली 'ग्राफ झेपेलिन' हवाईजहाज उत्तर ध्रुवप्रदेशावर गेलं, तेव्हा त्यात तो होता. त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला त्यानं जर्मन कम्युनिस्ट पक्षात प्रवेशासाठी अर्ज केला. बेकारीनं जर्मनी पोखरलेली, नाझी दाराशी आलेले, आणि त्यांच्याशी रस्त्यावर दोन हात करणारे कम्युनिस्ट डोळ्यांसमोर दिसत होते. त्या वेळी तिथे असलेल्या विचारी तरुणानं दुसरं काय करायला हवं होतं, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

पक्षात तो साधारण सात वर्षं राहिला. माझ्या मते त्याच्या लेखनाचा गाभा या सात वर्षांत आहे, बाहेर पडण्यात नाही. १९३२-३३चा हिवाळा त्यानं युक्रेनमध्ये, खारकॉव्हला काढला. तो दुष्काळ आज जगाला माहीत आहे; लाखो शेतकरी त्यात मेले. आगगाडी स्टेशनात थांबली की बायका पोटं फुगलेली, काटकुळ्या हातापायांची मुलं डब्याच्या खिडकीपर्यंत उचलून धरायच्या, असं त्यानं लिहून ठेवलंय. सोबतचे लोक सांगत, हे कुलक म्हणजे सधन शेतकरी आहेत, सामुदायिक शेतीला विरोध करणारे, भीक मागणं पसंत करणारे. आणि त्यानं ते मानलं. डोळ्यांना दिसत होतं, तरी मानलं. जे दिसतं त्यावर 'हा भूतकाळाचा अवशेष' अशी चिठ्ठी लावायची आणि जे चांगलं दिसेल त्यावर 'हे भविष्याचं बीज' अशी, ही सवय डोक्यात कशी मुरते, हे त्यानं स्वतःला माफी न देता सांगितलंय. सूड घ्यायला बसलेला माणूस असं लिहीत नाही. तो दुसऱ्यांची पापं मोजत बसतो.

मग स्पेनचं यादवी युद्ध. फेब्रुवारी १९३७मध्ये मालागा पडलं आणि फ्रँकोच्या माणसांनी त्याला धरलं. सेव्हिलच्या तुरुंगात रोज रात्री कैदी गोळ्या घालायला नेत. आपलीही पाळी येणार हे गृहीत धरून तो तिथे होता. गादीच्या स्प्रिंगची तार काढून त्यानं भिंतीवर गणितं कोरली. मूळ संख्या अनंत आहेत, ही युक्लिडची सिद्धता त्यानं आठवून काढली. समजा सगळ्यात मोठी मूळ संख्या सापडली. तर तिच्यापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांचा गुणाकार करा, त्यात एक मिळवा. या नव्या संख्येला आधीच्या कुठल्याच मूळ संख्येनं भाग जात नाही. म्हणजे एक तर ती स्वतः मूळ आहे, नाहीतर तिचा मूळ अवयव आपल्या यादीबाहेरचा आहे. यादी कधीच पुरी होत नाही. मरण दाराबाहेर असताना ही सिद्धता भिंतीवर उतरवून त्याला जी शांतता लाभली, तिथून आपल्यातला बदल सुरू झाला असं तो सांगतो. पक्षाच्या गणितात एक माणूस म्हणजे दहा लाखांच्या जमावाला दहा लाखांनी भागून आलेला एक. सेव्हिलच्या कोठडीत ते गणित त्याला खोटं वाटू लागलं.

मे १९३७मध्ये फ्रँकोच्या एका वैमानिकाच्या पत्नीच्या बदल्यात त्याला सोडलं. १९३८च्या वसंतात पॅरिसमध्ये निर्वासित जर्मन लेखकांपुढे स्पेनवर त्याचं भाषण होतं. पक्षाविरुद्ध त्यानं अवाक्षर काढलं नाही. शेवटी फक्त तीन गोष्टी म्हणाला. कुठलीही चळवळ, पक्ष किंवा व्यक्ती अचूकतेचा मक्ता घेऊ शकत नाही. शत्रूला चुचकारणं जितकं मूर्खपणाचं, तितकंच वेगळ्या वाटेनं त्याच ध्येयाकडे जाणाऱ्या मित्राला छळणं. आणि तिसरं थॉमस मानचं वचन, की उपयोगी असत्यापेक्षा अपायकारक सत्य बरं. अर्ध्या सभागृहानं टाळ्या वाजवल्या, कम्युनिस्ट असलेलं अर्धं हाताची घडी घालून बसलं. काही दिवसांत त्यानं राजीनामा दिला, पण त्यातही सोव्हिएत युनियनवर निष्ठा कायम असल्याचं लिहिलं. तो धागा तुटला ऑगस्ट १९३९मध्ये, हिटलर-स्टालिन करारानं. हिटलरचा परराष्ट्रमंत्री रिबेनट्रॉप याच्या स्वागताला मॉस्कोच्या विमानतळावर स्वस्तिकाचा झेंडा लागला, तेव्हा.

त्याच्या 'डार्कनेस ॲट नून' या गाजलेल्या कादंबरीबद्दल प्रतिसादांत बोलूच. मला आपल्याकडच्या वाचकांकडून ऐकायचंय की या माणसाला तुम्ही कसं वाचता.

*

अस्वस्थ_वाचक

उत्तम धागा. 'डार्कनेस'चीच गोष्ट मी सांगतो, कारण आमच्या पिढीतल्या बऱ्याच जणांनी फर्ग्युसन रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकवाल्यांकडून हेच एक पुस्तक घेतलं आणि कोस्लर तेवढाच वाचला.

रुबाशोव्ह हा जुना क्रांतिकारक. स्वतःच्याच पक्षानं त्याला ४०४ नंबरच्या कोठडीत टाकलंय. शेजारच्या ४०२मध्ये झारच्या काळातला एक राजनिष्ठ अधिकारी. दोघांत बोलणं चालतं ते भिंतीवर टकटक करून. पंचवीस अक्षरं पाच-पाचच्या पाच ओळींत मांडायची; आधी ओळ कितवी तेवढे ठोके, मग त्या ओळीत अक्षर कितवं तेवढे. ४०२ विचारतो, कोण आहात? रुबाशोव्ह नाव सांगतो. पलीकडून उत्तर येतं ते 'बरं झालं, हेच हवं होतं' अशा अर्थाचं. पुढे हाच माणूस त्याचा एकुलता सोबती होतो. वर्गशत्रूशी भिंतीतून जडलेली ही ओळख मला सगळ्या कादंबरीत सर्वांत जास्त भावते.

आणि रुबाशोव्ह निर्दोष नाही, हे लोक विसरतात. जर्मनीतल्या रिचर्डला त्यानंच वाऱ्यावर सोडलं. बेल्जियन बंदरातल्या छोट्या लोवीनं त्याच्यामुळे गळफास घेतला. सेक्रेटरी आर्लोव्हा, जिच्याशी त्याचे संबंध होते, तिला वाचवता आलं असतं तेव्हा तो गप्प बसला. आता पक्षानं त्याच्याशी तेच केलंय.

*

जुना_कामगार

मी पिंपरी-चिंचवडला एका कारखान्यात नोकरी केली आणि लाल बावट्याच्या युनियनमध्ये होतो. कारखान्याचं नाव लिहीत नाही. तिथे बदली कामगाराला वर्षानुवर्षं कायम करत नव्हते; दोनशे चाळीस दिवस भरत आले की घरी पाठवायचे आणि महिन्यानं नव्या कार्डावर परत घ्यायचे. आमच्या बाजूनं गेटवर उभे राहिले ते कम्युनिस्ट. दुसरं कुणी आलं नव्हतं.

धागालेखक, तुमच्या कोस्लरबद्दल मला राग नाही. पण महाराष्ट्रात कम्युनिस्ट म्हटलं की मला गोदावरी परुळेकर आठवतात. १९४५ साली ठाणे जिल्ह्यात वारल्यांची वेठबिगार मोडली ती त्यांनी आणि शामराव परुळेकरांनी. 'जेव्हा माणूस जागा होतो' वाचा. सावकाराच्या शेतावर फुकट राबणारा माणूस पहिल्यांदा 'नाही' म्हणतो, ते त्यात आहे. अण्णाभाऊ साठे १९६१ साली रशियाला जाऊन आले आणि 'माझा रशियाचा प्रवास' लिहिलं. वाटेगावच्या मांगवाड्यात वाढलेला माणूस तिथे मानानं वागवला गेला. त्यानं जे पाहिलं तेही साक्षच आहे ना? कोस्लर वाचून लोक 'बघा, कम्युनिझम म्हणजे हेच' म्हणतात आणि आमच्या गेटवरच्या माणसांचा हिशेब पुसून टाकतात. ते मला खुपतं.

*

मुळाकाठ (धागालेखक)

जुना_कामगार, तुमचा प्रतिसाद मनापासून आवडला. वारल्यांचा लढा पुसला जाऊ नये, याबाबत मी शंभर टक्के तुमच्या बाजूला आहे. आणि कोस्लरही तो पुसत नाही. १९४९ साली रिचर्ड क्रॉसमननं संपादित केलेल्या 'द गॉड दॅट फेल्ड'मध्ये कोस्लर, इटलीचा सिलोने, अमेरिकेतला कृष्णवर्णीय लेखक रिचर्ड राइट वगैरे सहा जणांच्या कहाण्या आहेत. कोस्लर त्यात पक्षातल्या आपल्या काळाबद्दल कडवटपणानं लिहीत नाही. बर्लिनच्या वस्तीतल्या त्याच्या सेलमधले, म्हणजे पक्षाच्या छोट्या गटातले, साधे सोबती, त्यांचा प्रामाणिकपणा, एकमेकांसाठी जीव टाकणं, हे सगळं त्यात आहे. तुमच्या गेटवरच्या माणसांना तो ओळखला असता.

पण अण्णाभाऊंची साक्ष आणि कोस्लरची, दोन्ही एकाच तागडीत तोलता येणार नाहीत. अण्णाभाऊ पाहुणे म्हणून गेले, स्टालिन जाऊन आठ वर्षं झाल्यावर. कोस्लर खारकॉव्हच्या थंडीत राहिला, तिथे मित्र केले, आणि पुढच्या काही वर्षांत ते मित्र एकेक करून धरले गेल्याचं त्याला कळत गेलं. एव्हा श्ट्रिकर ही त्याची बुडापेस्टमधली बालमैत्रीण, चिनी मातीची भांडी घडवणारी कलाकार. स्टालिनच्या खुनाच्या कटाचा आरोप ठेवून १९३६ साली तिला धरलं आणि सोळा महिने ठेवलं, त्यातला बराच काळ एकटीला. रुबाशोव्हच्या कोठडीचे बारकावे तिनं सांगितलेल्या हकिकतीतून आलेत. तिचा नवरा ॲलेक्स वाइसबर्ग पदार्थवैज्ञानिक. त्याला सोव्हिएत पोलिसांनी १९४० साली थेट हिटलरच्या गेस्टापोच्या हवाली केलं. १९३१ साली आपणहून समाजवादी देशात कामाला आलेल्या ज्यू कम्युनिस्टाला! हे कोस्लरनं ऐकीव म्हणून लिहिलं नाही. ही त्याची माणसं होती.

*

शुक्रवार_तालीम

कादंबरीच्या मूळ दाव्याबद्दल मला शंका आहे. रुबाशोव्ह कबुली देतो ती पक्षाची शेवटची सेवा म्हणून. मार्च १९३८च्या मॉस्को खटल्यात कबुली देणाऱ्या बुखारिन या जुन्या बोल्शेविक नेत्याचं असंच झालं असावं, असं कोस्लरनं धरलं. पण १९५६ साली सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हनं पक्षाच्या विसाव्या अधिवेशनात खुद्द सांगितलं की कबुल्या मारहाणीनं घेतल्या जात. बुखारिनची तरुण बायको ॲना लारिना आणि तान्हं मूल त्यांच्या ताब्यात होतं. मग हे निष्ठेचं तत्त्वज्ञान कशाला? कोस्लरनं जल्लादांना उगाच तर्कशास्त्री बनवलंय, असं मला वाटतं.

*

मुळाकाठ (धागालेखक)

मुद्दा वजनदार आहे. तरी कादंबरी परत पाहा. त्यात छळानं मोडलेला कैदीही आहे. तुटलेल्या ओठाचा तो तरुण, ज्याला रुबाशोव्हविरुद्ध साक्षीला उभं करतात. आणि रुबाशोव्हसुद्धा केवळ युक्तिवादानं मोडत नाही. तपास अधिकारी ग्लेटकिन त्याला दिवसचे दिवस झोपू देत नाही, प्रखर दिवा तोंडावर ठेवून बसवतो. वाइसबर्गनं पुढे स्वतःच्या पुस्तकात वर्णिलेली पद्धत हीच. तपासणारे पाळीपाळीनं बदलतात, तपासला जाणारा एकटाच. म्हणजे कोस्लरला शारीरिक बाजू ठाऊक होती. त्याला विचारायचा होता वेगळाच प्रश्न: ज्या माणसानं चाळीस वर्षं याच तर्कानं दुसऱ्यांना संपवलं, त्याच्याकडे स्वतःला वाचवायला कुठला तर्क उरतो? रुबाशोव्हकडे उरत नाही. म्हणून ग्लेटकिनचं काम सोपं होतं.

यामागे कोस्लरचं स्वतःचं ओझं होतं. आत्मचरित्राच्या दुसऱ्या खंडात, 'द इनव्हिजिबल रायटिंग'मध्ये (१९५४), तो बाकूमधल्या एका स्त्रीबद्दल लिहितो. तिच्यावर त्याचं प्रेम होतं आणि तिच्याबद्दलचा संशय त्यानंच पक्षाच्या माणसाला कळवला. आर्लोव्हा तिथून आली. हे त्यानं लिहिलं नसतं तर कुणालाही कधी कळलं नसतं.

*

निशिगंध

इथवर सगळं वाचलं. आता एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण असे धागे पुरुष लेखकांबद्दल असले की ती हमखास राहून जाते.

१९९८ साली डेव्हिड सेसरानीचं कोस्लरचरित्र आलं. चित्रपटदिग्दर्शिका जिल क्रेगी यांनी त्यात सांगितलं की १९५२ साली कोस्लरनं त्यांच्यावर बलात्कार केला. त्यानंतर एडिंबरा विद्यापीठात लावलेला त्याचा अर्धपुतळा हलवला गेला. १ मार्च १९८३ला लंडनमध्ये त्यानं आत्महत्या केली. त्याला पार्किन्सन आणि रक्ताचा कर्करोग होता, वय ७७. पण त्याच्याबरोबर पत्नी सिंथियानंही जीव दिला. ती ५५ वर्षांची होती, धडधाकट. माणसाला 'दहा लाख भागिले दहा लाख' समजणाऱ्या पक्षाविरुद्ध ज्यानं आयुष्यभर लिहिलं, त्याच्या घरातल्या बाईच्या आयुष्याचा भागाकार कुणी केला? पुस्तकं वाचू नका असं मी म्हणत नाही. हे माहीत असताना वाचा.

*

मुळाकाठ (धागालेखक)

निशिगंध, हे इथे यायलाच हवं होतं. क्रेगींचं म्हणणं मी खरं मानतो. सिंथियाबद्दल तुम्ही विचारलेल्या प्रश्नाला माझ्याकडे बचाव नाही, आणि तो शोधायची इच्छाही नाही. राजकीय सत्तेबद्दल इतकं स्वच्छ पाहू शकणारा माणूस घरातल्या स्वतःच्या सत्तेकडे पाहायला तयार नव्हता. त्याचं आत्मपरीक्षण कुठपर्यंत पोचलं आणि कुठे अडलं, हेही त्याच्या वाचकानं पाहिलंच पाहिजे.

*

सासवडकर

पुण्याच्या वाचकांनी हा विषय फक्त युरोपाचा समजू नये. आपल्याकडे हीच वाट मानवेंद्रनाथ रॉय चालले. १९१९ साली मेक्सिकोत पक्ष स्थापन करणारे, १९२० साली कॉमिन्टर्न या आंतरराष्ट्रीय कम्युनिस्ट संघटनेच्या दुसऱ्या अधिवेशनात वसाहतींच्या प्रश्नावर लेनिनपुढे स्वतःचा मसुदा मांडणारे रॉय १९२९ साली बाहेर काढले गेले. पुढे भारतात सहा वर्षांच्या आसपास तुरुंगवास. १९४६ची २२ सूत्रं, नवमानवतावाद, आणि १९४८ साली स्वतःचाच पक्ष विसर्जित केला! सत्तेसाठीचा पक्षच माणसाच्या स्वातंत्र्याच्या आड येतो, या निष्कर्षावर आल्यावर त्यांनी तो खरोखर बंद केला.

आणि त्यांच्याबरोबर आपल्या भागातले लोक होते. वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी, आमच्या सासवडचे वि. म. तारकुंडे. तारकुंडे पुढे उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले आणि निवृत्तीनंतर नागरी हक्कांच्या लढ्यात उतरले. पक्ष सोडल्यावर माणूस उजवीकडेच घसरतो हा जो समज आहे, त्याला तारकुंडे हे उत्तर आहे.

*

शुक्रवार_तालीम

पक्षाबाहेर राहूनही मार्क्सवादी असता येतं याचं उदाहरण तर भांडारकर संस्थेच्या रस्त्यावरच राहत होतं. दामोदर धर्मानंद कोसंबी. अधिकृत मार्क्सवाद्यांवर त्यांनी सडकून टीका केली, पण इतिहास वाचण्याची मार्क्सची पद्धत शेवटपर्यंत सोडली नाही. लेण्या, पाषाणयुगीन हत्यारं, गावोगावच्या म्हातोबा-म्हसोबाची ठाणी पायी फिरून पाहिली. कोस्लरनं पक्षाबरोबर पद्धतही टाकून दिली. मला कोसंबी जास्त जवळचे वाटतात.

आणि धागालेखक, एक गोष्ट तुम्ही गाळलीत. जून १९५०मध्ये बर्लिनला 'काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडम' भरली, त्यात कोस्लर आघाडीवर होता. या संस्थेला अमेरिकेच्या सीआयएचा पैसा होता, हे १९६७पर्यंत उघड झालं. हिची भारतीय शाखा, तिचं 'क्वेस्ट' नियतकालिक, हे सगळं त्याच जाळ्यातलं.

*

मुळाकाठ (धागालेखक)

पैसा होता, हे खरंच. त्याचा निषेध करायलाच हवा. पण त्या भारतीय समितीचं काम पाहणारे अ. भि. शहा पुण्याचे. हमीद दलवाईंच्या मागे खंबीरपणे उभे राहिलेले शहा हेच. २२ मार्च १९७०ला दलवाईंनी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केलं. तोंडी तलाकविरुद्ध तेव्हा उभं राहायला काय लागत होतं, हे इथल्या जुन्या मंडळींना माहीत आहे. पैशाचा उगम तपासा, पण त्यावरून प्रत्येक माणसाचं आयुष्यभराचं काम ठरवू नका. लाल बावट्याला मॉस्कोतून काय येत होतं यावरून जुना_कामगार यांच्या गेटवरच्या माणसांचा निकाल लावणं जितकं अन्यायाचं, तितकंच हे.

कोसंबींबद्दल सहमत. फक्त एक. कोसंबींना पक्षानं कधी शिस्तीत घेतलं नव्हतं. कोस्लर पक्षाच्या प्रचारयंत्रणेत पॅरिसमध्ये विली म्युन्झेनबर्गच्या हाताखाली पगारावर होता. त्याला स्वतःच्या हातानं लिहिलेलं खोटं निस्तरायचं होतं.

*

जुना_कामगार

मुळाकाठ, शेवटचा प्रतिसाद वाचून बरं वाटलं. मला कोस्लरचं एकच पुस्तक घ्यायचं असेल तर कुठलं घेऊ? इंग्रजी मी सावकाश वाचतो. आणि पक्ष सोडल्यावर त्यानं गरीब माणसासाठी काही केलं का, की फक्त कम्युनिस्टांविरुद्धच लिहिलं?

*

मुळाकाठ (धागालेखक)

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी. १९५५ साली त्यानं ब्रिटनमध्ये फाशीविरोधी मोहीम उभी करण्यात पुढाकार घेतला, १९५६ साली 'रिफ्लेक्शन्स ऑन हँगिंग' लिहिलं. सेव्हिलची कोठडी त्यामागे होती. १९६५ साली तिथे खुनासाठीची फाशी थांबली. कैद्यांच्या चित्रांना आणि लेखनाला बक्षिसं देण्याची योजना त्यानं सुरू केली, ती आजही त्याच्या नावानं चालते. भारतातही येऊन गेला, विनोबांना भेटला, गांधींवर बोचरं लिहिलं, आणि 'द लोटस अँड द रोबोट' (१९६०) आपल्या सरकारनं बंद केलं. त्या पुस्तकात तो घाईनं निकाल देतो. ते शेवटी वाचा.

घ्यायचं एकच, तर 'डार्कनेस ॲट नून'. वाक्यं छोटी आहेत, सावकाश वाचणाऱ्याला अडत नाही. मात्र प्रत बघून घ्या. १९४० साली कोस्लर मूळ जर्मन लिहीत होता आणि पॅरिसच्या त्याच खोलीत पडद्याआड डॅफ्नी हार्डी ही तरुण शिल्पकार इंग्रजी भाषांतर करत होती. युद्धात जर्मन प्रत हरवली आणि तिच्या भाषांतरावरूनच पुस्तक जगभर गेलं. २०१५ साली झुरिकच्या ग्रंथालयात ती जर्मन प्रत एका संशोधक विद्यार्थ्याला सापडली. तिच्यावरून फिलिप बोहमनं केलेलं नवं भाषांतर २०१९ साली आलं. ते घ्या, चौकशीची भाषा त्यात जास्त नेमकी आहे. अप्पा बळवंत चौकात मिळालं नाही तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, माझी प्रत वाचनगटाच्या पुढच्या बैठकीला आणतो. तुम्हीही या. तिथे बदली कामगारांच्या कार्डांची हकिकत सांगा, आमच्यातल्या कुणालाच ती माहीत नाही.